जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्या गाढवाची काळजी

(छत्रपती संभाजीनगर येथे पशुपालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या जनावराविषयी बोलणार आहे, त्याचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. गाय, म्हैस, शेळी यांच्यावर पुष्कळ बोलले जाते, लिहिले जाते. गाढवावर कोणी बोलत नाही. परंतु गोदाकाठी आणि शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांवर, कुंभारांच्या दारात, डोंगरातल्या पायवाटांवर आजही हे जनावर काही कुटुंबांची चूल पेटती ठेवते. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी" ही म्हण आपण थट्टेने म्हणतो, पण ज्याचे पोट गाढवाच्या पाठीवर आहे, त्याला त्यात थट्टा वाटत नाही.

गाढवाच्या खाण्यापिण्याविषयी आणि आजारांविषयी थोडीफार माहिती सर्वांना असते. आजचा विषय मात्र वेगळा आहे. दोन गाढवे वर्षानुवर्षे एकत्र राबतात आणि त्यातले एक मरते. तेव्हा मागे राहिलेल्या गाढवाचे काय होते आणि मालकाने काय करावे, हे आज पाहू. हा विषय केवळ दयेचा नाही. एक गाढव गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत दुसरेही गेले, तर त्या घराचा धंदाच बसतो. योग्य वेळी लक्ष दिले तर हे दुसरे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते.

गाढव जोडी का धरते?

गाढवाचे मूळ आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातील रानगाढवात आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार माणसाने ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत माणसाळवले. त्या प्रदेशात चारा विरळ असल्यामुळे घोड्यासारखा मोठा, पक्का कळप करून राहणे रानगाढवांना परवडत नव्हते. पाळीव गाढवे एकत्र ठेवली की त्यातील बरीचशी एखाद्या ठराविक सोबत्याशी घट्ट नाते जोडतात. ती शेजारी चरतात, एकमेकांची मान खाजवतात आणि उन्हात एकमेकांच्या आडोशाला उभी राहतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासातही गाढवे आपला सोबती ओळखतात व त्याच्याजवळ राहणे पसंत करतात, असे आढळून आले आहे. ही जोडी नर-मादीचीच असते असे नाही. दोन माद्या, दोन खच्ची केलेले नर, आई व तिचे मोठे झालेले शिंगरू, अशीही जोडी असते. एखाद्या शेळीशी किंवा घोड्याशी जोडी जमल्याचेही दिसते.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. बैलजोडीतला एक बैल गेला की दुसरा वैरणीला तोंड लावत नाही, रिकाम्या खुंट्याकडे पाहून हंबरतो, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे. गाढवाच्या बाबतीत तेच घडते. फरक एवढाच की गाढवाकडे तितक्या मायेने कोणी पाहत नाही.

पूर्वी हा प्रश्न का जाणवत नव्हता?

पूर्वी एकेका आळीत आठ-दहा गाढवे असत. एक गेले तरी बाकीच्यांची सोबत राहत असे. आता ट्रॅक्टर व टेम्पोमुळे गाढवांची संख्या फार झपाट्याने घटली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे १ लाख २० हजार उरली. महाराष्ट्रात हीच संख्या सुमारे २९ हजारांवरून १८ हजारांवर आली. याचा अर्थ असा की, आज अनेक गावांत एखादीच जोडी शिल्लक आहे. तिच्यातले एक गेले की दुसऱ्याला गावात स्वजातीचे तोंड दिसत नाही.

दुःखाची लक्षणे

जनावराला माणसासारखा शोक होतो काय, यावर शास्त्रज्ञ जपून बोलतात. जनावराच्या मनात काय चालले आहे ते मोजता येत नाही. त्याचे खाणे, चालणे, आवाज आणि उभे राहणे मात्र पाहता येते. पशुपालकाने नेमके तेवढेच पाहावे. सर्वसाधारणपणे पुढील बदल आढळतात :

१) वारंवार रेकणे, विशेषतः सोबती जेथे बांधला जात असे त्या दिशेला तोंड करून.
२) येरझारा घालणे, दावे ओढणे, नेहमीच्या वाटांवर शोध घेणे.
३) सोबती मेला त्या जागी जाऊन उभे राहणे.
४) चारा कमी खाणे किंवा अजिबात न खाणे, पाणी कमी पिणे.
५) मान खाली, कान पडलेले, एका कोपऱ्यात निश्चल उभे राहणे.
६) कामाला नेल्यास अडून बसणे. तांड्यात पुढे चालणारे गाढव मेले असेल तर मागच्याला वाटच सुचत नाही. याला आपण हट्ट समजतो आणि काठी उगारतो. तसे करू नये.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. गाढव हे दुःख व वेदना लपवणारे जनावर आहे. घोडा पोटदुखीने लोळतो, पाय आपटतो. गाढव नुसते गप्प उभे राहते. त्यामुळे "रेकत नाही, म्हणजे विसरले" असा समज करून घेऊ नये. ओरडणाऱ्या गाढवापेक्षा गप्प झालेल्या गाढवाकडे अधिक लक्ष द्यावे.

खरा धोका : रक्तात चरबी चढणे

दुःखाने जनावर मरते असे लोक म्हणतात. त्यामागे बरेचदा एक आजार असतो. त्याला शास्त्रीय भाषेत हायपरलिपिमिया म्हणतात.

कोरड्या मुलखात तगून राहण्यासाठी गाढवाचे शरीर चरबी साठवण्यात पटाईत झाले आहे. खाणे बंद पडले की शरीर ही साठवलेली चरबी रक्तात सोडू लागते. गाढवाच्या बाबतीत हे सोडणे वेळेवर थांबत नाही. रक्तात चरबी वाढत जाते, यकृत व मूत्रपिंडे यांवर ताण येतो आणि त्यांचे काम बिघडते. त्यामुळे जनावर आणखी खाईनासे होते. न खाण्याने चरबी सुटते आणि चरबी सुटल्याने भूक मरते, असे हे दुष्टचक्र आहे. अशा जनावराचे रक्त नळीत काढून ठेवले, तर वर येणारा पातळ भाग दुधासारखा गढूळ दिसतो. आजार बळावल्यानंतर उपचार करूनही पुष्कळ जनावरे दगावतात. म्हणून पहिल्या काही दिवसांतील लक्ष हाच खरा उपाय आहे.

लठ्ठ गाढवे, वयस्क गाढवे, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या माद्या, तसेच जंतांनी व इतर आजारांनी पोखरलेली गाढवे यांना हा धोका अधिक असतो. मानेवर व पाठीच्या दोन्ही बाजूंना चरबीचे गोळे असतील, तर जनावर धष्टपुष्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

मृत सोबती लगेच उचलू नये

एक गाढव मेले की आपण घाईने ते ओढून नेतो. दुसरे गाढव कामावर असते किंवा दुसरीकडे बांधलेले असते. परत आल्यावर त्याला फक्त रिकामी जागा दिसते. अशी गाढवे जास्त दिवस शोध घेत राहतात, असा अनुभव आहे. गाढवांसाठी काम करणाऱ्या जाणकार संस्थांचा सल्ला असा की, मागे राहिलेल्या गाढवाला मृत सोबत्याजवळ जाऊ द्यावे. ते हुंगेल, नाकाने ढोसेल, पायाने उकरेल, कदाचित रेकेल. त्याला हाकलू नये. काही वेळाने ते आपणहून बाजूला होऊन चरू लागते. त्यानंतर मृत जनावर हलवावे. आपल्याकडील उन्हाळ्यात फार वेळ थांबता येत नाही, तरी सावली करून काही तास मिळू द्यावेत.

परंतु याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. जनावर अचानक मेले असेल, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर रक्त येत असेल, तर फाशी रोगाची (अँथ्रॅक्सची) शंका घ्यावी. नाकातून चिकट पिवळसर स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील, तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हे दोन्ही रोग माणसालाही होतात. अशा वेळी दुसरे गाढव जवळ जाऊ देऊ नये, मृतदेह फाडू नये, कातडे काढू नये आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. मृत जनावर नदीपात्रात किंवा नाल्यात टाकण्याची सवय तर कायमची सोडावी.

पहिल्या पंधरा दिवसांची निगा

१) खाण्यावर नजर : रोज किती चारा टाकला व किती उरला, ते पाहावे. सुमारे १२५ किलो वजनाच्या, काम नसलेल्या गाढवाला दिवसाला अंदाजे दोन किलो सुका चारा लागतो. ज्वारीचा कडबा बारीक करून किंवा गव्हाचा भुसा द्यावा. एक दिवसभर चाऱ्याला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे.

२) भूक चाळवणे : "गाढवाला गुळाची चव काय" ही म्हण पशुवैद्यकाच्या कामाची नाही. गाढवाला गोड आवडते. चाऱ्यावर गुळाचे थोडे पाणी शिंपडावे. गाजराचे लांब तुकडे, केळ्याची साल, थोडा हिरवा घास हाताने भरवून पाहावा. एकदम भरडधान्य किंवा पिठाचे आंबोण मात्र देऊ नये. त्याने पोटदुखी होते.

३) लीद पाहणे : लीद कमी, कोरडी, घट्ट किंवा चिकट आवरण असलेली दिसली तर तो इशारा समजावा.

४) तपासणी : प्रौढ गाढवाचे तापमान सुमारे ३६.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटास ३६ ते ५२ आणि श्वास १२ ते २८ असतो. उन्हात व कामानंतर श्वास वाढतो. म्हणून सकाळी सावलीत मोजावे.

५) जागा व रोजचा क्रम : जनावराची जागा बदलू नये. खाण्याच्या, पाण्याच्या वेळा त्याच ठेवाव्यात. पाणी स्वच्छ असावे, कारण घाण पाणी गाढव सहसा पीत नाही.

६) काम : पहिले दोन-तीन दिवस ओझे लादू नये. खाणे सुरळीत झाल्यावर हलक्या ओझ्याने, ओळखीच्या वाटेने कामाला लावावे. दोघांचे ओझे एकट्यावर लादण्याचा मोह होतो. भट्टीचा हंगाम ऐन भरात असताना तो अधिक होतो. त्याने दुसरेही जनावर गमावण्याची वेळ येते.

७) सोबत : एकटे बांधू नये. दुसरे गाढव नसेल, तर शेळ्या, गाय किंवा घोडा दिसेल अशा ठिकाणी बांधावे. घरच्या माणसाने रोज थोडा वेळ खरारा करावा, मान खाजवावी.

जनावर आजारी वाटल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधावा. घरगुती काढे पाजण्यात वेळ घालवू नये. न गिळणाऱ्या जनावरास बळेच पाजलेले औषध फुफ्फुसात उतरते.

नवा जोडीदार आणताना

नवे गाढव आणले की सारे ठीक होईल, असे नाही. आधी मागे राहिलेले गाढव नीट खाऊ लागले पाहिजे. नंतर नवे जनावर आणावे. मढी, जेजुरी किंवा माळेगावच्या यात्रेतून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे आणि त्याची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर दोघांना कुंपणाच्या दोन बाजूंना बांधावे. एकमेकांना हुंगू द्यावे. चावाचावी, लाथाळी थांबली की मोकळ्या जागेत एकत्र सोडावे. चारा मात्र दोन ठिकाणी टाकावा.

बाजारात आणखी एक गोष्ट पाहावी. विक्रेत्याची दोन गाढवे एकमेकांना चिकटून उभी असतील, एकाला दूर नेताच दुसरे रेकत असेल, तर ती जोडी समजावी. शक्य असल्यास दोन्ही घ्यावीत. विकणाऱ्यानेही जोडी फोडू नये. मृत्यू आणि विक्री यांतला फरक गाढवाला कळत नाही. सोबती दिसेनासा झाला, एवढेच त्याला कळते. २०२४ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात गाढवपालनाच्या उद्योगासही अनुदानाची तरतूद झाली आहे. या मार्गाने नव्याने गाढवे घेणाऱ्यांनी सुरुवातच जोडीने करावी.

बंधूंनो, आपल्या जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. आपल्याला कावड रिती करावयाची नाही. जोडीदार गेल्यावर गाढवाला थोडा वेळ त्याच्याजवळ उभे राहू द्यावयाचे आहे आणि पुढचे पंधरा दिवस त्याच्या चाऱ्याकडे लक्ष ठेवावयाचे आहे. दिवसाला पाव तासाचे हे काम आहे. ते ज्या घरात होईल, त्या घराची दुसरी पाठ शाबूत राहील.