तेजीचा बुडबुडा आणि सामान्यांची ठेव

(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समभागांचा बाजार कोसळला, की 'मुळात तो धंदाच खोटा होता' असे म्हणून आपण मोकळे होतो. १९९५ ते २००० या काळात अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांच्या समभागांना जी अभूतपूर्व तेजी आली, तिच्याबाबत मात्र असे म्हणता यावयाचे नाही. इंटरनेट खरेच होते. आज तर सातबाराचा उताराही त्याच मार्गाने मिळतो. मग भाव कोसळले ते कशाने?

नासडॅक या अमेरिकन बाजाराचा निर्देशांक १९९५ च्या मध्यास हजाराच्या आसपास होता. १० मार्च २००० रोजी तो ५,०४८ वर पोहोचला आणि ९ ऑक्टोबर २००२ रोजी १,११४ वर येऊन टेकला.

या काळातील पुष्कळशा नव्या कंपन्यांची स्थिती झरा नसलेल्या विहिरीसारखी होती. टँकरने पाणी ओतावे, तोवर विहीर भरलेली दिसावी! खर्च भागे तो नफ्यातून नव्हे, तर नवे समभाग विकून आलेल्या पैशांतून. 'पेट्स डॉट कॉम' ही कंपनी कुत्र्यामांजरांचे खाद्य घरपोच देई, तेही अनेकदा खरेदीच्या किमतीहून स्वस्त. फेब्रुवारी २००० मध्ये तिचे समभाग ११ डॉलरला विक्रीस आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनी गुंडाळण्यात आली.

टँकर थांबण्यास कारणे अनेक झाली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जून १९९९ ते मे २००० या अवधीत व्याजदर ४.७५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. संस्थापकांना व पहिल्या गुंतवणूकदारांना आपले समभाग साधारणतः सहा महिने विकता येत नसत. ही मुदत संपताच, आजवर दुर्मीळ म्हणून महाग असलेला माल ढिगाने बाजारात आला. त्यातच मार्च २००० मध्ये 'बॅरन्स' या अर्थविषयक साप्ताहिकाने कोणत्या कंपनीजवळ किती महिन्यांची रोकड उरली आहे, याचा हिशेबच छापला. तो मांडण्याइतकी माहिती आधीही उपलब्ध होती. परंतु भाव चढत असताना हिशेब मागणारा माणूस सर्वांनाच अडाणी वाटतो.

याहून बोधप्रद उदाहरण 'सिस्को'चे. ही कंपनी संगणकजाळ्यांची यंत्रसामग्री करी, माल उत्तम होता, नफाही होता. मार्च २००० मध्ये बाजारमूल्याने ती जगात पहिली ठरली. पुढे तिच्या समभागाची चार-पंचमांशाहून अधिक किंमत नाहीशी झाली. तिच्या अनेक गिऱ्हाइकांची खरेदी त्याच टँकरच्या पाण्यावर चालली होती.

ही लाट मुंबईसही पोहोचली होती. संगणक, दूरसंचार व मनोरंजन क्षेत्रांतील निवडक समभागांचे भाव चढवण्यात केतन पारेख या दलालाचे नाव पुढे आले. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँकेने दलालांना भरमसाठ कर्जे दिली होती. भाव घसरताच मार्च २००१ मध्ये या बँकेच्या मुंबईतील मांडवी शाखेने दिलेल्या १३७ कोटी रुपयांच्या पे-ऑर्डर न वटता परत आल्या. त्यावर बँक ऑफ इंडियाने आधीच रक्कम देऊन टाकली होती. माधवपुराच्या दारी ठेवीदारांची रीघ लागली आणि तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या अनेक लहान नागरी सहकारी बँकांचे पैसे अडकले. ज्यांनी जन्मात एक समभाग घेतला नव्हता, अशा माणसांपर्यंत नासडॅकची झळ आली ती या वाटेने.

माधवपुराचा परवाना रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्ये रद्द केला. बँकठेवींवरील विमासंरक्षणाची मर्यादा तेव्हा १ लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख करण्यात आली. आपल्या गावोगावच्या पतसंस्थांतील ठेवींना मात्र हे संरक्षण लागू नाही.