आधी उसवणे, मग शिवणे
(ट्रस्टच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. तरीही दात व जबडा या विषयावर बोलण्यास उभा आहे, कारण आमच्या घरी या बाबतीत एक मोठी चूक माझ्याच हातून होता होता राहिली. ती आपल्यापैकी कोणाकडून न घडो, एवढाच हेतू.

माझ्या पुतण्याचा खालचा जबडा तेराव्या वर्षापासून पुढे येऊ लागला. खालचे दात वरच्या दातांपुढे गेले. पोळीचा घास पुढच्या दातांनी तुटेना, काही उच्चार स्पष्ट होईनात. शाळेतील मुलांनी त्याला नाव ठेवले. खेदाची गोष्ट ही, की लग्नसमारंभात आपल्यातील वडीलधाऱ्यांनीही तेच नाव उच्चारले. मुलगा गिऱ्हाइकासमोर येईनासा झाला. मागच्या गोदामात कापडाचे तागे मोजत बसे.

तारा लावल्या की झाले, असा आमचा समज. डॉक्टरांनी तो दूर केला. दात वाकडे असतील तर तारांनी सरळ होतात; परंतु ज्या हाडात ते रुजले आहेत, तेच फार लांब वा आखूड असेल, तर केवळ तारांनी भागत नाही. तेथे दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन, या दोघांनी प्रारंभापासून एकत्र आराखडा करावा लागतो. शिवाय खालचा जबडा उशिरापर्यंत वाढतो, मुलांचा तर मुलींहून अधिक काळ. वाढ थांबल्याची खात्री करून, अठरा वर्षे उलटल्यावर उपचार सुरू झाले.

आणि आठ महिन्यांत मुलाचा चेहरा पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागला! मी संतापलो. "पैसे मोजून पोर बिघडवायचे का? काढा त्या तारा," असे भावाला सांगून मोकळा झालो. डॉक्टरांनी आम्हांस बोलावून प्लॅस्टरचे साचे पुढे ठेवले. जबडे जुळत नसले, की वरचे दात बाहेर आणि खालचे आत कलून ते व्यंग काही अंशी झाकतात. तारा त्यांना आधी आपापल्या हाडावर नीट उभे करतात. त्यामुळे दडलेले खरे अंतर उघडे पडते. तसे न करता जबडा सरकवला, तर पुरेसा सरकत नाही आणि दातही नीट बसत नाहीत. मी मुकाट्याने ऐकले. अंगरखा बेततानाच चुकला, तर इस्त्री करून उपयोग नाही. आधी उसवावा लागतो, हे मला कोणी शिकवायला हवे होते काय?

ही विद्या नवी नव्हे. अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी भाजल्यामुळे विद्रूप झालेल्या एका तरुणीच्या खालच्या जबड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १८४९ साली प्रसिद्ध झाला. युरोपात ट्राउनर व ह्यूगो ओब्वेगेसर यांनी १९५७ साली तोंडाच्या आतूनच हाड दुभागून सरकवण्याची पद्धत मांडली. तिचीच सुधारित रूपे आज वापरली जातात.

दीड वर्षाने पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. चेहऱ्यावर छेद नाही. हाड टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या व स्क्रूंनी जोडले. सूज ओसरण्यास काही आठवडे लागले. आरंभी पातळ, नंतर मऊ आहार: दूध, मुगाचे वरण, पेज. थोडे थोडे, पण वारंवार घ्यावे लागते. ज्यांचा चौविहाराचा नियम आहे, त्यांनी वेळापत्रक आधीच डॉक्टरांशी ठरवावे. नंतर सहा महिने तारा राहिल्या.

उणी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. खालच्या जबड्यातून जाणारी संवेदनेची नस दुखावू शकते. बहुतेकांची बधिरता महिन्यांनी ओसरते, काहींची राहते. आमच्या मुलाच्या खालच्या ओठाचा एक कोपरा अद्याप बधिर आहे. हे त्याला आधी सांगितले होते, आणि निर्णय त्याचाच होता.

खर्च मोठा असतो. तथापि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे दोन्ही विभाग आहेत. गरजूंनी तेथे अवश्य चौकशी करावी.

माझी विनंती तीनच गोष्टींची. मुलाचा जबडा वेगळा वाढताना दिसला, तर वेळीच दाखवा. उपचार अर्धवट सोडू नका. आणि तिसरी, जिला एक पैसाही लागत नाही: कोणाच्या चेहऱ्यावरून त्याला नाव ठेवू नका. हाड सर्जन सरकवतील; मनात रुतलेले नाव काढणारी शस्त्रक्रिया अद्याप कोणाला साधलेली नाही.

आज पुतण्या दुकानात गल्ल्यावर बसतो. परवा प्रथमच त्याला गिऱ्हाइकाशी हसून घासाघीस करताना पाहिले. भाव त्याने जरा अधिकच सोडला. मी काही बोललो नाही.

जय जिनेंद्र.