बोधचिन्ह : उसने की कमावलेले?



लहान उद्योग उभारू पाहणारा तरुण भांडवल, जागा, यंत्रे आणि बँकेचे कर्ज यांचा विचार महिनोन्‌महिने करतो. उद्योगाचे नाव आणि बोधचिन्ह मात्र छापखान्यात बसून एका दुपारी उरकतो. त्याचे परिणाम बाजारात पाहावयास मिळतात. कुठे घरगुती लोणच्याच्या बाटलीवर परदेशी शीतपेयाच्या अक्षरांचे वळण असते, तर कुठे उदबत्तीपासून तंबाखूपर्यंत प्रत्येक पुड्यावर एखादे दैवत असते. वरकरणी ही दोन टोके आहेत. वृत्ती मात्र एकच, उसनवारीची. एकाला परक्याची प्रतिष्ठा हवी असते, दुसऱ्याला देवाची पुण्याई.

यातील दुसरी उसनवारी स्वाभिमानाच्या वेषात येते, म्हणून तिचा विचार अधिक काळजीपूर्वक करावयास हवा. ज्या पुड्यावर श्रीगणेशाचे चित्र छापले, तो पुडा रिकामा झाल्यावर कोठे जातो? रस्त्यावर, उकिरड्यावर, गटारात. ज्याने श्रद्धेने चित्र छापले, त्यानेच त्या विटंबनेची सोय करून ठेवलेली असते. देवघरातील मूर्ती दुकानाच्या गल्ल्यामागे विराजमान असावी. वेष्टनावर तिचे स्थान नव्हे.

कायदाही याबाबत काही मर्यादा घालतो. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र समाविष्ट असून, शासनाच्या अनुमतीवाचून व्यापारासाठी त्यांचा वापर करता येत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदले जात नाही. उदबत्ती व सुगंधी द्रव्यांसाठी ‘रामायण’ हे नाव नोंदवू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला. पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणा एकाची मक्तेदारी असू शकत नाही, हे त्यामागील तत्त्व. जे सर्व समाजाचे आहे, ते एकाच्या मालकीचे कसे होईल?

मग चिन्ह शोधायचे कोठे? स्वतःच्या कामात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास आरंभ केला. पैसे त्यांनी उसने घेतले. नाव मात्र उसने घेतले नाही. १९६२ मध्ये त्यांनी नावासाठी स्पर्धा घेतली, बक्षीस ठेवले पाच रुपयांचे, आणि ‘लिज्जत’ हे नाव निवडले. गुजरातीत या शब्दाचा अर्थ चव. ना देवाचा आधार, ना विलायती डौल. पापड चवदार असेल एवढेच वचन. आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी ते वचन पाळीत आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसरे उदाहरणही गिरगावातलेच. १९४२ मध्ये चार मित्रांनी तेथे ‘एशियन पेंट्स’ची सुरुवात केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी ‘गट्टू’ रेखाटला : हातात रंगाचा डबा व कुंचला घेतलेला खट्याळ पोरगा. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही तो ओळखता येई. चित्र पाहताच माल कोणता ते कळे आणि चेहऱ्यावर हसूही उमटे. जवळजवळ अर्धशतक त्या पोराने कंपनीची सेवा केली.

लहान उद्योजकाने कागदावर रेघ ओढण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या मालातील कोणता गुण शेजारच्या दुकानात नाही? गिऱ्हाईक आपला माल दुसऱ्याला कोणत्या शब्दांत सांगते? आणि आपण कोणते वचन वीस वर्षे पाळू शकू? उत्तरे प्रामाणिक असली की चिन्हाची वाट सापडते. पुढची कसोटी साधी आहे. चिन्ह एका रंगात उमटले पाहिजे, रबरी शिक्क्याएवढे लहान झाले तरी ओळखू आले पाहिजे आणि एकदा पाहिलेल्या मुलाला ते आठवणीने काढता आले पाहिजे.

या कामी देवनागरीसारखे धन हाताशी असताना रोमन अक्षरांच्या दारी जाण्याचे कारण काय? कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली की, अक्षरांच्या वळणावरूनच नाटकाची प्रकृती कळावी. २०१० मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह उदय कुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांच्या मेळातून साकारले. शिरोरेषेची ती आडवी रेघ आज जगभरच्या संगणकांत पोहोचली आहे.

घडविलेले चिन्ह राखलेही पाहिजे. २०१७ च्या नियमांनी व्यक्ती आणि लहान उद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या निम्मे ठेवले. नोंदणी दहा वर्षे टिकते व पुढे वाढविता येते. दुकानाच्या पाटीवर याहून अधिक खर्च सहज होतो.

स्वदेशी म्हणजे केवळ परक्या मालावरील बहिष्कार नव्हे. स्वदेशी म्हणजे स्वतःच्या मालावर स्वतःचे नाव घालण्याची आणि त्या नावाला जागण्याची हिंमत. ज्याचा माल खरा, त्याला कोणाच्याही छायेत उभे राहावे लागत नाही. आणि ज्याचा माल खोटा, त्याला देवाचे चित्रही तारू शकत नाही.