दयेचा पहिला पाठ घरातच



दया ही उपजत असते की शिकवावी लागते, हा प्रश्न फार जुना आहे. जर्मनीतील लायपझिग येथे फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो या संशोधकांनी त्याचा प्रत्यक्ष शोध घेतला. कोणाच्या हातून एखादी वस्तू पडली आणि ती त्याच्या हाताला पोहोचत नाही असे दिसले, की अवघ्या दीड वर्षांची बालकेही ती उचलून देतात, असे त्यांना २००६ साली आढळले. पुढे २००८ साली त्यांनी दाखवून दिले, की अशा मदतीबद्दल ज्या मुलांना खेळण्याचे बक्षीस मिळाले, त्यांचा मदतीचा उत्साह नंतर ओसरला. ज्यांना नुसता कौतुकाचा शब्द मिळाला किंवा काहीच मिळाले नाही, त्यांचा टिकून राहिला.

तात्पर्य, दयेचे बीज मूल घेऊनच येते. त्याची जोपासना करावयाची, ती घराने.

ही जोपासना उपदेशाने होत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात अळणी भाजीची एक आठवण आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरली. वडिलांनी ते ओळखले. परंतु तिच्या श्रमांचा मान राखून ते काही न बोलता जेवले. मुलांनीही तेच केले. कोणी कोणाला धडा दिला नाही आणि तरी धडा मिळाला. मात्र त्याच आठवणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. भाजी अळणी झाल्याचे आईला सर्वांत शेवटी कळले, कारण ती सर्वांत शेवटी जेवली.

आजही अनेक घरांत माउली शेवटीच जेवते. म्हणूनच पहिला उपक्रम सोपा आहे. आठवड्यातून एक दिवस मुलाने व मुलीने मिळून पाने वाढावीत आणि आईला सर्वांबरोबर बसवावे. हे काम एकट्या मुलीच्या वाट्याला गेले, तर त्यातील अर्थच हरपेल.

असे उपक्रम खर्चाविना योजता येतात. उन्हाळ्यात पाखरांसाठी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवणे आणि ते रोज बदलणे, हे काम मुलाकडेच असावे. आजोबांची दृष्टी मंदावली असेल, तर नातवाने त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळताना मुलाचाही हात लागावा. वर्षभर जू वाहणाऱ्या त्या खांद्यांची ओळख त्याला हाताने व्हावी. ज्या घराशी अबोला आहे, तेथे संक्रांतीचा तिळगूळ वडीलधाऱ्यांनी मुलाला बरोबर घेऊन स्वतः न्यावा. रात्री जेवताना प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी : आज आपल्याला कोणाची मदत झाली? या कामांना पैशाचे आमिष नसावे. चार कौतुकाचे शब्द पुरेत.

आता थोडा अवघड भाग. मुलाची दया कोठवर पोहोचावी, याची सीमा थोरांचे वर्तनच आखीत असते. मजुरासाठी निराळा कप फळीवर ठेवलेला मूल पाहते. झाडलोट करणाऱ्या वृद्धेला घरातील माणसे एकेरी हाक मारतात, ती मूल ऐकते. अशा घरात पाखरांना पाणी ठेवूनही दया अपुरीच राहील. ‘श्यामची आई’मधील माता वाटेत अडलेल्या दलित वृद्धेला मोळी उचलून देण्यास मुलाला पाठविते. त्याच आठवणी लिहिणाऱ्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. घरातील दया अशी उंबरठा ओलांडते, तेव्हाच ती समाजाच्या कामी येते.

शिक्षकांनी पालकसभेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय अवश्य मांडावा. परंतु त्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातील फळीकडे एकदा पाहावे. तेथे तो निराळा कप असेल, तर तो आजच खाली उतरवावा. आणि उतरवताना मूल जवळ असावे.