रक्तांतील विळा आणि झाडीपट्टीचें नाटक

भाताची कापणी आटोपली, विळे वळचणीला खोचले गेले, कीं गोंदिया जिल्ह्यांतील खेड्यांना नाटकाचे वेध लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख झाडीपट्टी या नांवानें ओळखला जातो. दंडार, खडी गंमत आणि रात्रीं सुरू होऊन पहांटेपर्यंत रंगणारें नाटक हें त्याचें वैभव होय. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली.

याच मुलखांत दुसराही एक विळा आहे. तो रक्तांत असतो. १९१० सालीं शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनीं एका तरुणाच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहून त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तोच सिकलसेल रोग. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही वांकडी पेशी दहावीस दिवसांतच नाश पावते. शिवाय ती ताठर असल्यामुळें बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडांत, छातींत, पाठींत असह्य कळा उठतात. अमेरिकेंत हा रोग विरळा गणला जातो. पूर्व विदर्भांत तो विरळा नाहीं. विरळ आहे तें त्याविषयींचें ज्ञान.

हें ज्ञान मोठें कठीण नाहीं. आई व बाप दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा धडधाकट दिसतो; म्हणूनच लग्नापूर्वीं रक्त तपासणें अगत्याचें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय अभियानाचा प्रारंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना रंगीत पत्रिका देण्याचा त्यांत संकल्प आहे. परंतु जन्मपत्रिका आनंदानें पुढें करणारें घर ही पत्रिका पेटीच्या तळाशीं लपवूं लागलें, तर तपासणीचें सार्थक कसें व्हावें?

येथें सरकारी फलकाचें काम संपतें आणि कलेचें सुरू होतें. हा रोग वरून दिसत नाहीं. शाळा बुडविणाऱ्या मुलाला आळशी म्हटलें जातें. डॉक्टर शून्यापासून दहापर्यंत दुखण्याचा आंकडा विचारतात, पण आंकड्यांत कळ मावत नाहीं. हैतीमध्यें जन्मलेला चित्रकार हर्ट्झ नाझेर हा स्वतः याच रोगानें पीडित होता. २०२१ सालीं निधन होईपर्यंत त्यानें ती कळ रंगांत उतरविली. जें त्यानें कुंचल्यानें केलें, तें झाडीपट्टीच्या नटाला आवाजानें करतां येईल.

मात्र एक धोका आहे. प्रेक्षकांना रडविण्याच्या भरांत नाटककारानें रोगाला शाप ठरविलें, किंवा सगळा दोष सुनेच्या माथीं मारला, तर तें नाटक रोगाहून अधिक घात करील. दोष एकाच घराकडून येत नाहीं. तो दोन्ही घरांकडून आला तरच रोग होतो, हें सत्य रंगमंचावर सासऱ्याच्याच तोंडून वदविलें पाहिजे. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हेंही तितक्याच ठासून सांगितलें पाहिजे.

पहांटे पडदा पडल्यावर ज्या घरांत लग्नाची बोलणी चालू आहेत, तेथील वडीलधाऱ्यांनीं मुलाचें आणि मुलीचें दोघांचेंही रक्त तपासण्याची गोष्ट न लाजतां काढली, तर त्या रात्रीचें जागरण सार्थकीं लागलें असें समजावें.