भूकंप आणि भय



माणूस कशाने मेला, याचे उत्तर मृत्यूच्या दाखल्यात एका ओळीत मावते. ती ओळ पुरी असते काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणापुढे मांडणार आहोत.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, जमीन वारंवार हादरू लागली. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे बसला तसा हा एकच प्रचंड तडाखा नव्हता. लहानमोठ्या धक्क्यांची ही मालिका होती आणि ती महिनोन् महिने संपेना. 1 फेब्रुवारी 2019 रोजी चारांहून थोड्या अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी डहाणू तालुक्यातील दोन वर्षांची एक बालिका दगावली. तिच्यावर भिंत कोसळली नव्हती. घराबाहेर पळताना ती पडली आणि डोक्याला मार लागला. आता सांगा, ती भूकंपाने गेली की भयाने?

हा शब्दच्छल नव्हे. भय वाटताच छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. समोरचा वाघ निघून गेला की देह पुन्हा शांत होतो. पण येथे वाघ जमिनीखाली! तो केव्हा उठेल हे आजचे शास्त्रही सांगू शकत नाही. मग झोप उडते व देह सदा सावधच राहतो.

17 जानेवारी 1994 रोजी लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला. तेथे हृदयविकाराने आकस्मिक मरणारांची संख्या त्याआधी रोज सरासरी चार-पाच होती. त्या एका दिवशी ती 24 झाली. बहुतेकांची हृदये आधीच दुबळी होती. भयाने उरलेले काम केले.

डहाणू-तलासरीची माणसे ऐन थंडीत घर सोडून तंबूत निजली. तेथे एखादे मूल आजारी पडले, तर दाखल्यावर कारण थंडी लिहिले जाईल. पण थंडीत निजण्याचे कारण काय? भय! आणि त्या भयाचे कारण? कच्ची भिंत!

म्हणून नुसते ‘भिऊ नका’ म्हणणे हा उपचार नव्हे. ते भय खुळे नाही. घर मजबूत करणे, धक्का बसताच काय करावे हे मुलाबाळांना आधी शिकवणे, आणि अफवेपूर्वी खरी बातमी त्यांच्याच बोलीत पोचवणे, हे औषध आहे. ते देणे वैद्याइतकेच तुमचे-आमचेही काम आहे.