तीन कुलपांची पेटी



माझ्या लहानपणी आमच्या गावच्या मशिदीत एक लोखंडी पेटी होती. तिला तीन कुलपं. एक किल्ली मुतवल्लींकडे, दुसरी एका दुकानदाराकडे आणि तिसरी माझ्या अब्बांकडे. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही, असा रिवाज.

एका पावसाळी रात्री पेशइमामांचं पोर तापानं फणफणलं. तालुक्याला न्यायचं, तर पैसे हवेत आणि दुकानदार गेलेले मिरजेला! अब्बांनी भर पावसात दारोदार फिरून पैसे गोळा केले. पोर वाचलं. पण मी चिडलो होतो. म्हटलं, ‘‘कुलूप तोडलं का नाही?’’ अब्बा म्हणाले, ‘‘आज चांगल्या कामासाठी आपण तोडलं, तर उद्या वाईट कामासाठी तोडणाऱ्याला काय तोंडानं अडवायचं?’’

पुढे बी.ए.ला राज्यशास्त्र शिकताना कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ हे शब्द आले, तेव्हा मला ती पेटीच आठवली. कायदा एकानं करायचा, दुसऱ्यानं राबवायचा आणि तो घटनेत बसतो की नाही, हे तिसऱ्यानं पाहायचं. यात वेळ जातो, हे खरं. पण वेळ वाचवायला निघालं की काय होतं, तेही या देशानं पाहिलं आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. पंतप्रधानांच्या सल्ल्यावर राष्ट्रपतींनी सही केली. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात गेली. अशा अटकेला आव्हान देता येतं, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं ती वाट बंद केली. तो एक आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्नांचा. पुढे त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

म्हणजे ज्यानं अडवायचं, त्या न्यायालयानंच आपली किल्ली देऊन टाकली होती. मग सावरलं कुणी? आधी १९७७ मध्ये मतदारांनी आणि नंतर संसदेनं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ठरवलं, की मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाविना आणीबाणी नाही आणि आणीबाणीतही जगण्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची दाद मागणं थांबवता येणार नाही. राज्यसभेत तेव्हा सत्ताधारी पक्षाचं बहुमत नव्हतं. राज्यांच्या आमदारांनी निवडलेलं ते सभागृह. तिथं विरोधकांचा हात लागल्याशिवाय दुरुस्ती होणारच नव्हती. काही कलमं तिथं गळलीही. पण ही टिकली.

न्यायालयानं स्वतःची चूक मान्य करायला मात्र २०१७ साल उजाडलं. जुन्या निकालातल्या बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढच्या प्रकरणात लिहिलं, ते त्यांच्याच मुलानं, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. एकेचाळीस वर्षं लागली. त्या काळात तुरुंगात गेलेले दिवस कुणाला परत मिळाले नाहीत.

म्हणून मला ‘सगळे अधिकार एका कर्तबगार माणसाला द्या, कामं झटपट होतील,’ असं कुणी म्हटलं, की भीती वाटते. माणूस चांगला असेलही. पण कुलूप माणूस बघून लावायचं नसतं.

परवा गावी गेलो होतो. पेटी आहे अजून. एक कुलूप गंजलंय, ते उघडंच लोंबत असतं. दोन पुरतात, असं सगळे म्हणाले. मी मुतवल्लींना एवढंच सांगून आलो, की तेवढं तेल घालून घ्या.